माझ्या नावाची वळणदार सही

हे मी हाताने लिहिते आहे. पेनाला रबराची जाड नळी बसवली आहे, तरी अर्धं पान झालं की बोटं ताठ होतात आणि थांबावं लागतं. माझी मैत्रीण समीना म्हणते, "मोबाइलला सांग की, तो घेतो लिहून." तिचं बरोबर आहे. पण सांगायची गोष्ट सहीची आहे, म्हणून हातानेच लिहावी असं वाटलं.

मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कुठे अडखळले तर समजून घ्या. तुमच्या घरी कुणाला जीबीएस झाला असेल, लकवा असेल, किंवा अपघातानंतर रोज फिजिओथेरपीला न्यावं लागत असेल, तर त्यांच्यासाठी हे आहे. आजाराचं डॉक्टर सांगतील. डॉक्टर जे सांगत नाहीत ते मी सांगते.

बाटलीचं झाकण

आकुर्डीला कॉलेजच्या कँटीनमध्ये बसलो होतो आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण मला उघडेना. ओढणीच्या टोकात धरून पिळलं, तरी नाही. समीनाने बाटली हिसकावून घेतली आणि एका झटक्यात उघडली.

"रोजे मी धरायचे आणि जीव तुझ्या हातातला जायचा होय गं?"

"घामाने निसटतंय," मी म्हटलं.

घाम नव्हता. तळपायांना मुंग्या येत होत्या, तेही मी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठले आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत पाय दुमडले. मी आपटले नाही. सावकाश खाली बसले, आणि मग उठताच येईना. आई कणीक मळत होती. ती म्हणाली, "उठ की, काय नाटकं लावलीस." मग माझ्या तोंडाकडे बघून तिने तसेच कणकेचे हात माझ्या काखेत घातले.

पप्पा चाकणला एका कंपनीत मशीनवर आहेत. पहिल्या शिफ्टला गेले होते. ते हॉस्पिटलात पोचले तेव्हा अंगावर कंपनीचाच शर्ट होता आणि बाहीला ऑइल. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय उडाला नाही. पुन्हा मारली. दार ठोठावावं आणि आत कुणीच नसावं, तसं झालं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, जीबीएस, नसांचा आजार. बरा होतो पण वेळ घेतो, असंही सांगितलं. आई रडायला लागली. पप्पांनी एकच विचारलं, "सायेब, लिहिता येईल का हिला?"

मुलगी वाचेल का, चालेल का, हे विचारायचं सोडून लिहिता येईल का, म्हणून तिथल्या सिस्टरला थोडं हसू आलं. मला नाही आलं. पप्पा काय विचारत होते ते मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, "हात येईल. हळूहळू येईल. पण घरी गेल्यावर थेरपी चुकवायची नाही. वेळेत शिकवलं नाही तर हात विसरतो."

हात विसरतो. हे वाक्य मी पुढे सगळे महिने डोक्यात घेऊन फिरले.

आयसीयू आणि नंतर

आयसीयूचं फार लिहीत नाही. श्वास किती टिकतो ते बघायला एका श्वासात जमतील तेवढे आकडे म्हणायला लावायचे, आणि आकडा कालच्यापेक्षा कमी आला की सगळे गप्प व्हायचे. माझा आकडा फार खाली न जाता थांबला आणि मग वाढायला लागला, म्हणून मला व्हेंटिलेटर लागला नाही.

चांगलंही होतं. वॉर्डातल्या एका मावशींनी माझे केस विंचरून दोन घट्ट वेण्या घातल्या. "लोळून गुंता होईल, मग कापावे लागतील," म्हणाल्या. त्यांचं ते काम नव्हतं. समीना तिच्या वडिलांच्या कासारवाडीच्या गॅरेजवरून थेट यायची, हाताला ग्रीसचा वास घेऊन. कॉलेजच्या नोट्स वाचून दाखवायची आणि मध्येच म्हणायची, "झोपलीस तर मारीन. मीपण हे पहिल्यांदाच वाचतेय."

घरी आले तेव्हा मला चमचा धरता येत नव्हता. आई घास भरवायची. एकोणीस वर्षांच्या मुलीला घास भरवताना तीही दुसरीकडे बघायची आणि मीही.

तळघरातली शीट

ज्या हॉस्पिटलात थेरपी चालू झाली त्याचं नाव लिहीत नाही. फिजिओचा विभाग तळघरात होता. खाली उतरलं की जेलीचा आणि शेकायच्या गरम पिशव्यांचा वास यायचा. त्या पिशव्यांच्या टॉवेलांत आधीच्या माणसांचा घाम मुरलेला असायचा. काउंटरवर सुतळीने बांधलेलं एक पेन होतं. त्याचं टोपण कुणीतरी चावून सपाट केलेलं.

माझी थेरपी पप्पांच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून होती. मेडिक्लेमवाल्यांनी ठरावीक सेशन मंजूर केली होती. प्रत्येक सेशननंतर एका छापील शीटवर थेरपिस्टची सही आणि पेशंटची सही, आणि आठवड्याच्या शेवटी तपासून डॉक्टरांची सही, असा नियम होता. सह्या पूर्ण असतील तरच ते सेशन झालं असं धरायचं. नियम मला वाईट वाटला नाही. उलट बरोबरच वाटला. उपचार झाले की नाही हे पेशंटशिवाय कोण सांगणार?

पहिल्या दिवशी माझ्या हातात पेन दिलं. ते पडलं. पुन्हा दिलं, पुन्हा पडलं.

"आना, मी करतो," पप्पा म्हणाले.

काउंटरवरचे सर म्हणाले, "पेशंट अठराच्या वर आहे. तिचीच लागेल."

तेव्हा ऋतुजा मॅडम पुढे आल्या. त्या माझ्या थेरपिस्ट. माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी माझं एकेक बोट नुकतंच इतक्या हळुवार सरळ केलं होतं, की मला लहान मुलीसारखं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "राहू दे सर, हात थकलाय तिचा. मी करते तिच्या नावाने." मग माझ्याकडे वळून, "प्रणाली ना? ण बाणातला?"

मी हो म्हटलं. त्यांनी सही केली. 'प्र'ला खाली शेपटी, आणि 'ली'ची वेलांटी उजवीकडे ओढून नावाच्या खाली रेघ. माझी खरी सही कधीच इतकी चांगली नव्हती.

मला काय वाटलं सांगू? आभार वाटले. इतके, की घरी जाताना रिक्षात मला रडू आलं. आईने दुसऱ्या दिवशी मॅडमसाठी आमच्या लातूरकडची शेंगदाण्याची चटणी नेली. मॅडमनी बोट बुडवून तिथेच चाखली आणि "काकू, डब्बल तिखट!" म्हणून डोळे पुसले. रोज सेशन झालं की त्या सही करायच्या. मी बघायचेसुद्धा नाही.

पप्पांची पाठ

आम्ही रहाटणीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. पप्पांनी कंपनीत सांगून रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे सकाळी मला नेता येईल. पाळीवरून यायचे, चहा घ्यायचे, आणि मला पाठीवर घेऊन जिने उतरायचे. त्यांच्या मानेला मशीनच्या ऑइलचा वास असायचा. मी हात त्यांच्या गळ्याभोवती टाकायचे, पण धरता यायचं नाही, म्हणून आई मागून माझी मनगटं धरून उतरायची. शेजारचे दार उघडून बघायचे आणि पुन्हा लावायचे.

रिक्षात पप्पा बसल्याबसल्या झोपायचे.

आणि तिथे पोचल्यावर कितीतरी वेळा काउंटरवरून उत्तर यायचं, "आज मॅडम चाकणच्या ब्रँचला. उद्या या." कधी, "आज मशीन बंद." कधी तर नुसतं, "आज खूप पेशंट आहेत हो, उद्या लवकर या." फोन करून विचारलं तर फोन कुणी उचलत नसे. आम्ही परत फिरायचो. पुन्हा तीन जिने, आता चढायचे.

आई चिडायची. पप्पांवरच चिडायची, कारण दुसरं कोण होतं? "तुमाला बोलता येत न्हाई का तिथं? नुसतं व्हय सायेब, व्हय सायेब."

"बोलून काय, मॅडम येणारेत का?" पप्पा मला गादीवर उतरवत म्हणायचे. "जाऊ दे. तेवढाच माझा व्यायाम झाला. जिमवाले पैसे घेत्यात ह्याचे."

मी हसायचे. भिंतीकडे तोंड करून मनात म्हणायचे, हात विसरतोय.

"पूर्ण झाली म्हणं"

दसऱ्यानंतर थोड्या दिवसांनी पप्पा पाळीवरून आले आणि बूट न काढताच दारात उभे राहिले.

"आज जायाचं न्हाई," ते म्हणाले. "हिची थेरपी पूर्ण झाली म्हणं."

"कुणाची?" आईने विचारलं. तिच्या हातात माझ्यासाठी घेतलेला पोह्यांचा घास होता.

"हिचीच. कंपनीत मेल आलाय. मंजूर हुते तेवढे सगळे सेशन झाले. पेशंट आधाराशिवाय जिना चढती-उतरती. सबब पुढं गरज न्हाई."

आई घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जिना उतरती? मग तुमच्या पाठीवर रोज काय ज्वारीचं पोतं हुतं का?"

पप्पा हसले नाहीत. आम्ही त्याच सकाळी गेलो. पुन्हा पाठीवरून.

काउंटरवरच्या सरांनी आधी शीट दाखवायला नको म्हटलं. पप्पा म्हणाले, "माझ्या नावचा क्लेम हाय, दाखवा." पहिल्यांदाच 'सायेब' म्हणाले नाहीत. सरांनी गठ्ठा पुढे टाकला. मला वाचता यावं म्हणून आई पानं उलटत होती.

सगळ्या तारखा होत्या. ज्या दिवशी झालं त्या होत्या, आणि ज्या दिवशी आम्हाला परत पाठवलं त्याही. प्रत्येकीसमोर काय केलं ते लिहिलेलं. बोटांचे व्यायाम. हाताला करंट. पायऱ्यांचा सराव. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी माझी सही. 'प्र'ला शेपटी, 'ली'च्या वेलांटीची नावाखाली ओढलेली रेघ. सुंदर, एकसारखी, न थरथरता. त्या आठवड्यांत मी स्वतःच्या नाकावरची माशी हाकलू शकत नव्हते आणि कागदावर माझा हात असा पळत होता.

डॉक्टरांची सही शेवटी होती. 'प्रगती समाधानकारक.' त्या डॉक्टरांनी मला थेरपी सुरू झाल्यापासून एकदाही पाहिलेलं नव्हतं. सरांच्या कोपराजवळ कोऱ्या शीटांचा दुसरा एक गठ्ठा होता. त्यावर डॉक्टरांची सही आणि शिक्का आधीच मारून ठेवलेला. पेशंट कोण, ते अजून ठरायचं होतं.

मला ओकारी आली. खरोखरच आली. आईने ओंजळ पुढे धरली.

सर म्हणाले, "काय प्रॉब्लेम आहे? सही तर आहे ना?"

"सही आहे, पण माझी नाही," मी म्हटलं.

"मग कुणाची? नाव तर तुझंच आहे."

मी आईकडे बघितलं. आई मात्र पानं उलटत राहिली. तिला वाचायला वेळ लागतो, अक्षराला अक्षर लावून वाचते. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"ही तारीख कवाची? खंडेनवमीची ना?"

पप्पांनी बघितलं. "व्हय. त्या दिवशी आमच्या कंपनीत पूजा हुती."

इथे राहणाऱ्याला हे सांगायला नको. खंडेनवमीला या सगळ्या पट्ट्यातली मशीनं बंद असतात. पुसून, हळदकुंकू लावून, हार घालून. त्या दिवशी मशीनला कुणी हात लावत नाही. त्या दिवशीही आम्ही आलो होतो. हॉस्पिटलच्या तळघरातसुद्धा पूजाच चालली होती. करंट द्यायच्या मशीनला झेंडूचा हार होता, आणि याच सरांनी आम्हाला पेढे देऊन परत पाठवलं होतं. आईने मशीनला नमस्कार करून माझ्याही कपाळाला तिथलं कुंकू लावलं होतं.

शीटवर त्या तारखेला लिहिलं होतं, 'हाताला करंट दिला.'

"पेढा तुमीच दिला की ओ," आई म्हणाली. "हार घातलेल्या मशीनवर माझं लेकरू झोपवलं का तुमी? का देवानं येऊन करंट दिला?"

मागे रांगेत बसलेलं कुणीतरी हसलं. सरांनी शीट उलटी करून ठेवली.

ऋतुजा मॅडम

पॅसेजमध्ये ऋतुजा मॅडम भेटल्या. त्यांना कळलं होतं. पप्पांनी मला बाकावर बसवलं होतं. त्या माझ्यासमोर वाकल्या आणि सवयीने माझा हात हातात घेतला.

"मी सगळ्यांच्याच करते गं," त्या हळू म्हणाल्या. "संध्याकाळी शीटं समोर आणून ठेवतात. पूर्ण झाल्याशिवाय घरी सोडत नाहीत. शीट अपुरी राहिली तर क्लेम अडकतो, मग तुमचंच थांबतं, असं सांगतात. तुझी तर मी तुझ्या भल्यासाठीच सुरू केली होती."

"खंडेनवमीची पण?"

त्यांचा अंगठा माझ्या तळव्यावरून फिरत होता, रोजच्यासारखा, बोटं उघडायला. आणि मला सर्वांत किळस कशाची आली असेल तर याची, की माझी बोटं उघडत होती. त्यांना त्या हाताची ओळख होती. ज्या हाताने माझे उपचार माझ्याच नावाने संपवले, त्याच हाताला माझा हात ओळखत होता.

मी हात काढून घेतला. म्हणजे काढता येत नव्हता, आईला सांगितलं, तिने काढला.

समीनाला घरी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कॉलेजात आपण प्रॉक्सी मारतो ती लेक्चरला. तुझी तर आजारपणाला प्रॉक्सी लागली गं. आणि पासही करून टाकलं."

मी इतकी हसले की उचकी लागली. त्या दिवसातलं तेवढंच एक बरं आठवतं.

आईची शाई

तक्रारीचा अर्ज समीनाने लिहिला, मी सांगितलं तसा. झालेली सेशन कुठली, न झालेली कुठली. तो घेऊन आम्ही पुन्हा काउंटरला गेलो. सरांनी वाचला आणि म्हणाले, "अर्जावर पेशंटची सही हवी. रेकॉर्डवर आहे तशी. नाहीतर मेडिक्लेमवाले घेत नाहीत."

रेकॉर्डवर कुठली होती? तीच, शेपटीची. म्हणजे ती सही माझी नाही असं लिहून द्यायला मला तीच सही करता यायला हवी होती.

मी प्रयत्न केला. खरंच केला. आईने पेन माझ्या बोटांत धरून ठेवलं. मुंगी शाईत पडून कागदावरून गेल्यासारखी एक रेघ आली.

"ही जुळत नाही," सर म्हणाले. मग ड्रॉवर उघडून त्यांनी स्टँप पॅड बाहेर काढलं आणि माझ्याकडे न बघता पुढे सरकवलं. "अंगठा लाव मग."

इथे आईबद्दल सांगायला हवं. आई शाळेत गेली नाही. मला पहिलीला घातलं तेव्हा शाळेतल्या क्लार्कनेही असंच, वर न बघता, पॅड तिच्याकडे सरकवलं होतं. मागे रांगेत इतर मुलांच्या आया पेनाने सह्या करत होत्या. आईने अंगठा लावला आणि घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही. त्या वर्षी ती माझ्याच पाटीवर तिचं नाव शिकली. 'मंगल.' तीनच अक्षरं, पण अनुस्वार नीट डोक्यावर बसेपर्यंत तिने मला झोपू दिलं नाही. त्यानंतर रेशनच्या दुकानात, बँकेत, कुठेही ती सही करते, आणि करताना अख्ख्या रांगेला थांबवते. तिने घरात सांगून ठेवलंय, आता आपल्या बोटाला शाई लागायची ती फक्त मतदानाची.

त्या आईसमोर तिच्या कॉलेजातल्या मुलीला पॅड दिलं होतं.

"हिला लिहिता येतं," आई म्हणाली. तिचा आवाज चढला. "माझी लेक बी.कॉम.ला हाय. ती आडाणी न्हाई. अंगठा न्हाई लावणार ती."

"बाई, मग सही करायला सांगा."

पप्पा म्हणाले, "मंगल, ऐक, अर्ज तर जाऊ दे."

"न्हाई म्हणजे न्हाई."

मला त्या पॅडकडे बघवत नव्हतं. त्यावर कितीतरी अंगठ्यांचे खळगे पडले होते, कडेला मळ साचलेला. पण मला वाटत होतं, आज हा अर्ज परत नेला तर उद्या पुन्हा तीन जिने, परवा पुन्हा, आणि हात विसरत जाणार. मी आईला म्हटलं, "आई, सही कुणीही केली माझी. बघितलंस ना तू? किती छान केली. अंगठा कोण करेल?"

आईने माझ्याकडे बघितलं. पॅडकडे बघितलं. मग तिने माझा डावा हात उचलला, अंगठा सरळ केला, शाईत टेकवला आणि कागदावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला, तिला एकेकाळी फिरवायला सांगायचे तसा. ठसा स्वच्छ उठला. पदराने तिने माझा अंगठा पुसला. शाई गेली नाही, पदराला मात्र लागली.

"अंगठ्याला साक्षीदाराची सही लागते," सर म्हणाले.

"आना," आई म्हणाली. तिने ते चावलेलं पेन घेतलं, सुतळी ताणली, आणि माझ्या अंगठ्याखाली लिहिलं. म. मग अनुस्वार, डोक्यावर नीट. ग. ल. मागची रांग थांबली होती. तिला घाई नव्हती.

पप्पांनी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली आणि शिक्का उठेपर्यंत तिथून हलले नाहीत.

मग

न झालेली सेशन परत मिळाली. मिळायला बरेच आठवडे गेले. माफी कुणी मागितली नाही. हॉस्पिटलच्या पत्रात 'नोंदीतील त्रुटी' असा शब्द होता. कुणी केली, का केली, काही नाही. ऋतुजा मॅडम तिथे दिसल्या नाहीत. त्यांना कुठे पाठवलं ते मी विचारलं नाही. सर त्याच खुर्चीत आहेत.

मधल्या आठवड्यांत समीना मोबाइलवर बघून माझ्याकडून व्यायाम करून घ्यायची आणि आई रोज कणकेचा गोळा माझ्या हातात द्यायची. तीन बोटं आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून पुरतं मिटत नाही. नव्या थेरपिस्टनी तपासून सांगितलं, "मध्ये खंड पडला नसता तर कदाचित." कदाचितच म्हणाल्या. त्यामुळे ते मला कुठे दाखवता येत नाही. न झालेल्या तारखा मोजता येतात. न वळलेलं बोट कुठल्या तारखेचं, ते कुठे लिहिलेलं नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. पुढच्या दिवसाच्या ओळीवर आज सही करू नका. पेशंटच्या नावाने दुसऱ्या कुणाला करू देऊ नका, माणूस कितीही चांगलं असलं तरी. माणूस चांगलं असलं की आपण नाही म्हणत नाही, म्हणून तिथे जास्त जपा. शीटचा फोटो रोज काढा. आणि हात चालत नसेल तर अंगठा लावा, सोबतीला घरच्याची सही घ्या, आणि लाजू नका.

या वेळची परीक्षा हुकली. पुढची मी देणार आहे, लेखनिक न घेता. वेळ वाढवून मिळणार आहे. पप्पा पुन्हा पहिल्या शिफ्टला जातात. जिना मी कठड्याला धरून उतरते आणि आई एक पायरी खाली, पुढे चालते.

मागच्या आठवड्यात सेशन झाल्यावर मी पहिल्यांदा शीटवर स्वतः सही केली. 'प्र' वाकडा आला, 'ली'ची वेलांटी खणाच्या बाहेर गेली. काउंटरवरच्या सरांनी शीट घेतली, फाइल उघडून जुनी पानं काढली आणि दोन्ही शेजारी धरून बराच वेळ बघितलं.

"ही पहिल्यासारखी येत नाही," ते म्हणाले.

आई माझी ओढणी सारखी करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "येऊ बी नये."